रिकामा नाय, बंद आसा

2010 चा मे महिना. जेवणं उरकून आम्ही मुंबैकार मंडळी पडवीत आडवीतिडवी पसरलो होतो. फणसाच्या चारखंडांवर माशा घोंगावत होत्या, पोरं मांगराच्या, म्हणजे घराबाजूच्या खोपटाच्या, मागे काजू भाजत होती. तेवढ्यात खळ्यात शाळेचे गुरुजी येऊन उभे राहिले. डोक्यावर रुमाल, काखेत पिशवी आणि हातात भलामोठा छापील तक्ता. जनगणनेचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. माणसं पुढच्या वर्षी मोजायची होती, आधी घरं.

त्यांनी चौकटीवर आकडा घातला, तांब्याभर पाणी प्यायले आणि विचारलं, "हंय कोण रवता?"

उत्तर द्यायला आम्ही चौदा जण हजर होतो, पण बोलली काकी. शेजारच्या घरातली, वडिलांच्या चुलतभावाची बायको. "आता ह्ये सगळे रवतत."

"आणि पावसात?"

"पावसात मी येऊन दिवो लावतंय."

"म्हणजे घर रिकामा."

"रिकामा नाय, गुरुजीनू," काकी म्हणाली. "बंद आसा."

गुरुजी हसले. कोनाड्यात ठेवलेल्या कुलपाकडे त्यांनी एकदा बघितलं, आमच्याकडे एकदा बघितलं, आणि काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, "मे महिन्यात सगळीच घरां राहती असतत."

माझा जन्म हिशेबात गेला. एका कचेरीत बत्तीस वर्षं खतावण्या जुळवल्या. रकान्यात न बसणारी नोंद माझ्या डोक्यातून जात नाही, तशी ही गेली नाही. माणसं मोजायला 2011 च्या फेब्रुवारीत गुरुजी पुन्हा त्या दारात आले असतील. तेव्हा कुलूप कोनाड्यात नव्हतं, कडीला होतं. म्हणजे एकाच घराची मे महिन्यातली हकिकत आणि फेब्रुवारीतली हकिकत एकमेकींना ओळखसुद्धा देणार नाहीत.

जनगणनेच्या लेखी घर म्हणजे स्वतंत्र मुख्य दार असलेली इमारत किंवा तिचा भाग. राहतं घर त्यात येतं, तसं दुकान येतं, गोदाम येतं, शाळा आणि देऊळही येतं. कुणी राहत नाही आणि दुसऱ्या कशासाठी वापरही नाही, ते रिकामं. घरची माणसं तात्पुरती बाहेर गेली असतील, तर ते नुसतं बंद. फरक कागदावर स्पष्ट आहे. पण 'तात्पुरतं' म्हणजे किती? माझे आजोबा गिरणीत लागायला तात्पुरतेच मुंबईला गेले होते.

2011 च्या जनगणनेत देशात 33 कोटींच्या वर घरं मोजली गेली, त्यातली 2 कोटी 47 लाख रिकामी. खेड्यांत 22 कोटी 7 लाखांपैकी 1 कोटी 36 लाख, म्हणजे शंभरातली सहा. शहरांत 11 कोटींपैकी 1 कोटी 11 लाख, म्हणजे शंभरातली दहा. मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा छपाईची चूक वाटली. ओसाड पडलंय ते गाव, आणि माणसं दाराला लटकतात ते शहर. मग रिकाम्या घरांचं प्रमाण शहरात जास्त कसं? 2001 मध्ये शहरांतली रिकामी घरं 65 लाख होती. दहा वर्षांत त्यांत 46 लाखांची भर पडली. दरम्यान केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ गटाने 2012 मध्ये हिशेब करून सांगितलं की शहरांत 1 कोटी 88 लाख घरांची टंचाई आहे. टंचाईही मोठी आणि शिल्लकही मोठी. माझ्या कचेरीत असा ताळेबंद कुणी आणला असता तर साहेबाने तो त्याच्या तोंडावर फेकला असता.

मला हा ताळेबंद थोडाफार उलगडला तो माझ्याच घरातल्या किल्ल्यांवरून. तीन जुडगे आहेत. एक गावच्या घराचा, एक लालबागच्या खोलीचा, एक बदलापूरच्या फ्लॅटचा. आणि मी राहतो डोंबिवलीला.

गाव देवगड तालुक्यातलं. घर चिऱ्याचं, मंगळुरी कौलांचं. पुढे खळं, मग पडवी, मग ओटी, माजघर, देवाची खोली, मागे न्हाणी आणि थोडं बाजूला मांगर. आजोबांच्या वेळी ते गवताने शाकारलेलं होतं. कौलं चढली ती वडिलांच्या मनीऑर्डरींवर. चिरा चिरा मुंबईच्या पगारातून आला, म्हणजे हे घर गावात असलं तरी कमाई गिरणीची आहे. आमच्या वाडीतली निम्मी घरं अशीच उभी राहिली आणि ज्या पगाराने उभी राहिली त्याच पगाराने रिकामी केली. घर बांधायला पुरुष मुंबईला गेले आणि घरात राहायला बायका मागे उरल्या. सिंधुदुर्गात 2011 ला हजार पुरुषांमागे 1036 बायका होत्या, रत्नागिरीत 1122. हे आकडे मुलींच्या जन्माचं कौतुक म्हणून सांगणारे भेटतात, तेव्हा मला काकी आठवते. तिचा नवरा तीस वर्षं वर्षातून दोनदा भेटायचा.

आमचं घर वर्षातून किती दिवस उघडं असतं याचा मी एकदा हिशेब घातला. गणपतीत सात, मे महिन्यात फार तर पंधरा, शिमग्याला जमलं तर तीन. 365 पैकी 25 दिवस. म्हणजे साताच्या आत-बाहेर टक्के. लॉज असतं तर केव्हाच विकलं गेलं असतं. पण गणपतीच्या त्या सात दिवसांत आमच्या माजघरात पाय ठेवायला जागा नसते. गाड्यांचं बुकिंग दोन महिने आधी मिनिटांत संपतं, जादा गाड्या सोडतात, त्याही भरतात. त्या सात दिवसांत गुरुजींना पाठवलं तर कोकणात एकही घर रिकामं सापडायचं नाही.

उरलेले 340 दिवस घर एकटं असतं आणि कोकणात एकटं घर टिकत नाही. लोकांना वाटतं घर वापरून झिजतं. उलट आहे. चूल पेटत असली की धूर आढ्याला लागतो, वाशांना कीड धरत नाही. माणसं चालती-फिरती असली की वाळवी भिंतीतून वर चढण्याआधी कुणाच्या तरी नजरेला पडते. बंद घरावर एक वांदर उडी मारतो, एक कौल सरकतं, एवढंच निमित्त. आमच्याकडचा पाऊस काही मागून आत येत नाही. पहिल्या वर्षी रीप भिजते, दुसऱ्या वर्षी वासा, तिसऱ्या वर्षी भिंतीच्या मातीला पोट सुटतं. चौथ्या पावसाळ्यात रात्री कधीतरी आवाज होतो आणि सकाळी शेजारची माणसं येऊन बघतात. वाडीतली अशी तीन घरं मी पाहिली. चौथऱ्यावर आता रान आहे, आणि मधोमध तुळशीवृंदावन तेवढं उभं. असं पडलेलं घर पुढच्या मोजणीत रिकाम्या घरांतही येत नाही; दारच उरलेलं नसतं.

"घराक माणसाचो वास लागता," काकी म्हणते. "तो नसलो काय घर आपणाकच खाता."

मग विकत का नाही? दुरुस्त का करत नाही? ग्रामपंचायतीच्या दप्तरात घर अजून आजोबांच्या नावावर आहे. आजोबांचे वारस मोजले तर आज सतरा. दोघे नालासोपाऱ्याला, एक पुण्यात, एक बडोद्याला, एकीचा पत्ता लागत नाही. घरपट्टी मी भरतो, त्यामुळे बाकीच्यांना माझा संशय येतो. छप्पर परतायचं म्हटलं की वर्गणी निघत नाही, विकायचं म्हटलं की सतरा जणांचे डोळे भरून येतात. भाऊबंदकीत घर पाडायला कुणाची सही लागत नाही, पावसाची पुरते.

लालबागच्या खोलीची गोष्ट उलटी. दहा बाय बाराची खोली, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर. तिथे मी एकवीस वर्षांचा होईपर्यंत राहिलो, आणि रिकामी जागा म्हणजे काय ते मला ठाऊकच नव्हतं. माझ्या जन्माआधी ती गावकऱ्यांची खोली होती. एका वेळी बारा-पंधरा बाप्ये. पहिल्या पाळीचा गडी उठला की रातपाळीचा त्याच्याच वळकटीवर आडवा व्हायचा. अंथरूण थंड व्हायला सवडच मिळायची नाही. सरकारी मराठीत 'ऑक्युपन्सी'ला भोगवटा म्हणतात. हा शब्द कुणी काढला माहीत नाही, पण त्याने चाळीत दिवस काढले असावेत. आमच्या खोलीचा भोगवटा शंभर टक्क्यांवर थांबला नव्हता, तीनशे टक्के होता. वडिलांचं लग्न झाल्यावर गावकरी पांगले आणि आम्ही नऊ जण झालो. मोरीच्या बाजूला पडदा, पडद्याआड नवपरिणीत काका-काकू, आणि बाकीचे रात्री गॅलरीत.

तो पडदा मला पुढे सरकारी आकड्यांत भेटला. 1 कोटी 88 लाखांची टंचाई म्हणजे तेवढी कुटुंबं फुटपाथवर, असं मी धरून चाललो होतो. तसं नाही. बेघर त्यात सुमारे 5 लाख 30 हजार. जवळजवळ दीड कोटी ही दाटीवाटीची कुटुंबं. डोक्यावर छप्पर आहे, पण जोडप्याला वेगळी खोली नाही असली. आमच्यासारखी. आणि टंचाईतली पंच्याण्णव टक्के कुटुंबं अल्प नाहीतर अत्यल्प उत्पन्न गटातली. म्हणजे टंचाई पडद्याआडच्या जोडप्याची, आणि रिकामी घरं बांधलेली भलत्याच कुणासाठी. दोन्ही आकडे खरे, पण दोघांची गाठ पडायची शक्यता नाही.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. तो मागे घेतल्याचं अजून कुणी सांगितलेलं नाही, असं आमच्या चाळीत विनोदाने म्हणत. वडील दीड वर्ष गावी जाऊन राहिले. आमच्या घराने सलग भोगवटा पाहिला तो तेवढाच. मग ते परतले, वॉचमन झाले, आणि चाळीतली माणसं एकेक करून लोकलने उत्तरेला नि पूर्वेला सरकायला लागली. डोंबिवली, दिवा, विरार. आम्ही 1990 ला डोंबिवलीला आलो. इथे पहिल्यांदा मला दार लावता येणारी खोली मिळाली, त्या रात्री झोप लागली नाही.

ही माणसांची सरकासरक जनगणनेत कशी उमटली ते सांगतो, कारण मला ते फार विलक्षण वाटतं. 2001 ते 2011 या दहा वर्षांत महाराष्ट्रातल्या फक्त तीन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. मुंबई म्हणजे उपनगरं नव्हेत, कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतचं जुनं बेट. ज्यात गिरणगाव येतं. 33 लाख 38 हजारांवरून 30 लाख 85 हजार. मनीऑर्डर जिथून निघायची आणि जिथे पोचायची, ती दोन्ही टोकं एकाच दशकात ओसरली. आणि मुंबईशेजारच्या ठाणे जिल्ह्याने 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर उडी मारली. सगळे चाकरमानी काही ठाण्यात गेले नाहीत आणि ठाण्यात आलेले सगळे कोकणी नाहीत, हे मला कळतं. पण माझं कुटुंब याच वाटेने थोडं आधी गेलं होतं. दोन्हीकडे वजा आणि एकीकडे अधिक.

पण माणसं गेली तरी खोली सुटली नाही. पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे मोजून कायमची भाड्याने घेतलेली खोली कोण सोडतो? 1947 च्या भाडे कायद्याने मुंबईतली भाडी 1940 च्या पातळीला गोठवली आणि तेव्हापासून मालकाला इमारतीत रस उरला नाही, भाडेकरूला सोडून जाण्यात. आमची भाडेपावती कधी तीन आकडी झाली नाही. एकदा चाळीचा पुनर्विकास झाला की त्या पावतीवर फ्लॅट मिळणार, या आशेवर आमची खोली तीस वर्षं बंद आहे. आता यातली गंमत बघा. 1999 च्या नव्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम आहे की भाडेकरूने सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर मालक ती परत मागू शकतो. आणि वापर झाला की नाही हे कोर्टात विजेच्या बिलावरूनही बघतात. म्हणून मी दर पंधरा दिवसांनी रविवारी लालबागला जातो. खोली उघडतो, झाडतो, पंखा लावतो, दिवसभर बसून पेपर वाचतो. मीटर फिरलं पाहिजे. शेजारच्या खोलीतलेही येतात, कल्याणहून. त्यांनी फ्रिज चालू ठेवलाय, आत पाण्याच्या दोन बाटल्या. आमच्या मजल्यावरच्या वीसांपैकी सात खोल्या अशा 'राहत्या' आहेत. गावच्या घरात काकी दिवा लावते तो देवासाठी, इथे मी लावतो तो मीटरसाठी.

तिसरा जुडगा सांगायला मला जरा जड जातं.

2013 साली मी बदलापूरला वन बीएचके घेतला. गरज नव्हती. मुलगा नववीत होता, पुढे त्याला लागेल असं म्हणालो. खरं कारण म्हणजे कचेरीतल्या सगळ्यांनी कुठे ना कुठे बुक केलं होतं आणि जेवणाच्या सुट्टीत मला बोलायला काही नसायचं. चोवीस लाख. कर्ज दहा टक्क्यांच्या वर. मुलगा आता बंगळुरात भाड्याने राहतो आणि बदलापूरला राहायला येण्याची सुतराम शक्यता नाही. फ्लॅटची किंमत दलाल बत्तीस लाख सांगतो. भाडं मिळेल साडेसहा हजार, म्हणजे वर्षाला अठ्ठ्याहत्तर हजार. बत्तीस लाखांवर अडीच टक्केसुद्धा नाहीत. त्यातून एक महिन्याचं दलालाला, रंगरंगोटी, अकरा महिन्यांनी पुन्हा करार, पोलीस ठाण्यात नोंद.

वर सोसायटीचा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज. हा शब्द मला फार आवडतो. फ्लॅटला कुलूप ठोकून तुम्ही दहा वर्षं फिरकला नाहीत तरी हा चार्ज लागत नाही. भाडेकरू ठेवलात, घरात माणसं नांदायला लागली, की लागतो. सरकारने 2001 मध्ये त्याला सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली म्हणून बरं, त्याआधी सोसायट्या मनाला येईल तेवढा लावत. म्हणजे घर रिकामं ठेवलं तर माफ आणि भरलं तर दंड.

पण खरं सांगायचं तर अडीच टक्के आणि हा चार्ज ही मी लोकांना सांगायची कारणं आहेत. मनात कारण एकच आहे. भाडेकरू निघाला नाही तर? मी स्वतः तीस वर्षं एक खोली धरून बसलेला भाडेकरू आहे. निघायचं नसलं तर माणूस कसा निघत नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? लालबागचा मी बदलापूरच्या मला घाबरवतो. जुना कायदा जाऊन 2000 साली नवा लागू झाला, लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवला तर जागा परत मिळायला आता वेगळी, लवकरची वाट आहे. सगळं वाचलंय, समजलंय. कुलूप तसंच.

एका दिवाळीच्या आधी संध्याकाळी मी तिथे मेंटेनन्सचा चेक द्यायला गेलो होतो. पाठीमागच्या मोकळ्या मैदानात उभं राहून इमारतीतले दिवे मोजले. सात मजले, 56 फ्लॅट, उजेड एकोणीस खिडक्यांत. वॉचमनला म्हटलं, बरेच गावी गेलेले दिसतात. तो म्हणाला, "नाही साहेब, बरेच आलेच नाहीत." वॉचमनचं कुटुंब, चार माणसं, पंपरूमच्या शेजारच्या आठ बाय दहाच्या खोलीत राहतं. त्याच्या डोक्यावर सदतीस घरं अंधारात.

केंद्राच्या 2017-18 च्या आर्थिक पाहणीत हीच गोष्ट मोठ्या अक्षरांत आहे. देशात शहरी भागातली सर्वांत जास्त रिकामी घरं महाराष्ट्रात, 20 लाखांच्या आसपास; शहरांमध्ये मुंबई पहिली, 4 लाख 80 हजार. दिल्ली आणि बंगळूर तीन-तीन लाखांवर मागे. गोव्याचं प्रमाण तर याहून वेगळं प्रकरण आहे, तिथे 2011 च्या मोजणीत पाचातलं साधारण एक घर रिकामं निघालं. पोर्तुगालला, आखाताला, लंडनला गेलेल्यांची जुनी घरं आणि दिल्ली-मुंबईवाल्यांनी सुट्टीसाठी घेतलेले फ्लॅट एकाच रकान्यात. आमच्या देवगडात समुद्र दिसणाऱ्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, आता तेच सुरू झालंय. कुंपणं पडताहेत, बंगले उठताहेत. गावातलं एक घर पडतं आणि सड्यावर एक नवं रिकामं घर उभं राहतं. आकडा जुळतो.

2020 च्या मे महिन्यात मात्र सगळंच उलटं झालं. मुंबईहून माणसं निघाली, मिळेल त्या वाहनाने, काही चालत. गावच्या वेशीवर बांबू आडवे टाकलेले. आमचा चुलतभाऊ नालासोपाऱ्याहून बायको-मुलं आणि सासू-सासरे घेऊन आला. सहा जण. चौदा दिवस शाळेत काढले, मग घर उघडलं. पाच महिने ते तिथे राहिले. मुलगी ऑनलाइन वर्गासाठी रोज सड्यावर चढायची, रेंज तिथेच. भावाने कौलं स्वतः परतली, न्हाणीची भिंत लिंपली, मागे मुळा-माठ लावला. आम्ही गणपतीला जाऊ शकलो नाही, पण त्या वर्षी गणपती आमच्याच ओटीवर बसला. फोनवर काकी म्हणाली, "तुमच्या घरातसून आता भांडणाचो आवाज येता, बरा वाटता."

त्याच जुलैत केंद्राने शहरांतली सरकारी योजनांतून बांधलेली आणि रिकामी पडलेली लाखभर घरं स्थलांतरित मजुरांना भाड्याने द्यायची योजना काढली. गरिबांसाठी बांधलेली घरं, गरीब तिथे गेलेच नाहीत. मला त्यात नवल वाटलं नाही. घर कामापासून लांब असलं की ते घर राहत नाही, नुसतं बांधकाम राहतं. माझ्या बदलापूरच्या फ्लॅटपासून सीएसएमटी साठ किलोमीटरहून लांब आहे. पंपरूमशेजारची खोली वॉचमनच्या कामाला लागून आहे.

ऑक्टोबरात भावाला कंपनीतून बोलावणं आलं आणि घराला पुन्हा कुलूप लागलं.

आता शेवटचं. आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी माणसं येतात हे देवगड-रत्नागिरीत कुणाला सांगायला नको. दिवाळीच्या सुमाराला येतात, आंबा संपला की जातात. काही आता पावसातही थांबतात. आमच्या घराच्या वरच्या अंगाला एक बाग आहे, तिथल्या मांगरात एक कुटुंब राहतं. नवरा-बायको आणि दोन मुलगे. मोठा आमच्या शाळेत चौथीला. शाळेच्या पटावर नऊ मुलं आहेत, त्यातली चार नेपाळी. ती नसती तर शाळेला केव्हाच कुलूप लागलं असतं.

दोन वर्षांपूर्वी काकीने फोन केला. म्हणाली, त्यांचा मांगर गळतो, आपलं घर बंद आहे, पडवी नि मागची खोली त्यांना देऊया. भाडं नको, झाडलोट करतील, चूल पेटेल. मी तो निरोप भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत उत्तरं. उद्या कब्जा केला तर? मतदारयादीत नाव घातलं तर? बडोद्याचा भाऊ, जो बावीस वर्षांत गावी गेला नाही, त्याने लिहिलं, "बापजाद्यांचं घर आहे, धर्मशाळा नाही." मी हिशेबनीस आहे, मी आकडे टाकू शकलो असतो. 340 दिवस. एक वासा बदलायला लागणारी मजुरी. टाकले नाहीत. बदलापूरची किल्ली माझ्या खिशात होती.

काकी नंतर त्या विषयावर बोलली नाही.

यंदा मे महिन्यात गेलो तर कुलूप जरा सैल उघडलं. आत घर कोंदट लागलं नाही. माजघराला नेहमीचा तो वाघळांचा वास नव्हता. पडवीच्या खांबावर पेन्सिलने आडव्या रेघा ओढलेल्या होत्या, एकाखाली एक, दोन पोरांच्या उंचीच्या, आणि त्यांच्यासमोर काकीच्या मोडक्या अक्षरात महिने. न्हाणीत नवी राख. मी काकीकडे बघितलं. तिने तांदूळ पाखडणं थांबवलं नाही.

"पावसाचे चार दिवस निजाक इल्ली," ती म्हणाली. खांबावरचे महिने जूनपासून फेब्रुवारीपर्यंतचे होते.

पुढची जनगणना 2027 ची. पुन्हा कुणी गुरुजी येतील, या वेळी तक्त्याऐवजी मोबाइल घेऊन, आणि चौकटीशी उभे राहून तोच प्रश्न विचारतील. मी तिथे नसेन. काकी असेल.

निघायच्या दिवशी एसटी पकडायच्या आधी ग्रुपवर बडोद्याच्या भावाचा मेसेज आला. घर नीट बंद केलंस ना, फोटो टाक. मी कुलपाचा फोटो काढला. फोटोत पडवीची दोरी येत होती आणि दोरीवर शाळेची निळी चड्डी वाळत घातलेली होती. दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा काढला, नुसत्या कुलपाचा, आणि पाठवला.